घराजोगं कुत्रं

आमचा काळ्या गेला त्या सुमाराला माळवलीच्या अंगाला एक्सप्रेस वेचं काम जोरात चाललं होतं. दिवसातून दोनदा डोंगर फोडायचे सुरुंग उडायचे. आधी लांबून भोंगा ऐकू यायचा, मग सगळं गप्प व्हायचं, आणि मग जमिनीच्या पोटातून आल्यासारखा दणका. मांडणीवरची ताटं एकमेकांना लागून किणकिणायची, पत्र्यावरून बारीक धूळ खाली यायची, कोंबड्या पंख पसरून कणगीमागं घुसायच्या, आणि आमच्या भाजे गावातली झाडून सगळी कुत्री शेपट्या पायांत घालून भातखाचरांतून विसापूरच्या दिशेनं पळत सुटायची. दहा-पंधरा मिनिटांनी ती एकेक करून परत यायची, कुणाच्या नजरेला नजर न देता, न बोलावता लग्नात जेवून आलेल्या माणसासारखी. काळ्या म्हातारपणी पळायचा नाही. भोंगा झाला की तो उठून आईच्या मागं चुलीपाशी येऊन बसायचा. एका सकाळी तो तिथंच, राखेच्या उबेला पाठ लावून, गेलेला सापडला. आबांनी त्याला बांधावरच्या जांभळीखाली पुरला, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात जेवताना एकच विषय सुरू झाला: आता कुत्रं आणायचं ते कसलं?

आमचं घर स्टेशनातून लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून होतं. पुढं पडवी, बाजूला गोठा, मागं आबांच्या सात-आठ शेळ्या. आबा म्हणजे माझे आजोबा. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, लोणावळ्याला एका बंगल्यावर माळीकाम करायचे. आणि आई शनिवार-रविवारी लेणी बघायला, गड चढायला येणाऱ्यांना जेवण द्यायची. कधीतरी कुणी पाणी मागितलं, पाण्याबरोबर कुणाला भाकरी दिली, ती माणसं पुढच्या महिन्यात चार जणांना घेऊन आली, असं करत करत ते सुरू झालं होतं. पाटी नव्हती, नाव नव्हतं. पडवीत सतरंज्या अंथरायच्या. पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा, फोडलेला कांदा, आणि वर इंद्रायणीचा भात. रविवारी सकाळी दहापासून काठवटीत भाकरी थापायचा आवाज सुरू व्हायचा तो तीनपर्यंत थांबायचा नाही. त्या आवाजावर मी अभ्यास करायचे, आणि अजूनही मला फार शांत जागी वाचायला बसलं की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

तर अशा घरात कुत्रं हवं होतं. आईचं म्हणणं सगळ्यांत स्पष्ट होतं. ती म्हणाली, "भाकरीवर राहाणारं पाहिजे. कोंबडीला तोंड लावायला न्हाई पाहिजे. आल्यागेल्याच्या अंगावर जायला न्हाई पाहिजे, आन् शेळ्यांपाशी कोण फिरकलं तर गप बसायला न्हाई पाहिजे."

आबा हसले. "अगं, येवढं तर जावयात बी कुणी बघत न्हाई."

आबांच्या मते लोहगडाच्या अंगाला धनगराच्या वस्तीवर जायचं आणि एखादं गावठी पिल्लू उचलून आणायचं, विषय संपला. दादांना ते मान्य नव्हतं. ते रोज बंगल्यांच्या दुनियेत जात होते. कुठल्या बंगल्यावर आल्सेशियन आहे, कुठल्या बंगल्यावर डॉबरमन, कुठलं कुत्रं गादीवर झोपतं आणि कुठल्याला आठवड्याला आंघोळ असते, ते त्यांना तोंडपाठ होतं. "जातीवंत पाहिजे," ते म्हणायचे. "गावठी काय, सगळ्या गावाकडं हाय." माझं म्हणणं कुणी विचारलं नाही, पण मनातून मी दादांच्या बाजूची होते. मला असं कुत्रं हवं होतं की जे बघायला वर्गातल्या मुली कार्ल्याहून चालत भाज्याला येतील.

आता मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करते. गाई-म्हशींचं काम मुख्य, पण आसपास इतके बंगले झालेत की कुत्र्यांचंही येतंच. लोक विचारतात, ताई, कुठल्या जातीचं घेऊ? कुणी बर्फातलं झुपकेदार कुत्रं उन्हाळ्यात घेऊन येतं आणि ते धापा टाकत माझ्या टेबलाखालच्या फरशीवर पसरतं. मी त्यांना जातीचं काही सांगत नाही. मी विचारते, दुपारी घरी कोण असतं? लहान मुलं किती? आलंगेलं किती असतं? तुम्ही स्वतः किती चालता? लोकांना वाटतं ही बाई उत्तर टाळते. पण त्या वर्षी आमच्या घरात जे झालं ते बघितल्यावर मला दुसरं काही विचारताच येत नाही.

दादा ज्या बंगल्यावर कामाला होते तिथल्या बाईसाहेब एकट्याच राहायच्या. यजमान वारलेले, मुली परदेशी. कुत्र्यांचा त्यांना फार नाद. त्यांच्या एका ठिपकेवाल्या कुत्रीला पिल्लं झाली होती, ती एकेक करून मुंबई-पुण्याच्या ओळखीच्या घरी गेली आणि शेवटी एक राहिलं. बाईसाहेब दादांना म्हणाल्या, "नामदेव, घेऊन जा. तुमच्याकडे मोकळं अंगण आहे. सुखात राहील." दादा ते पिल्लू पिशवीत घालून, पिशवीचं तोंड छातीशी धरून घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की जणू बंगलाच घेऊन आलेत.

"डालमेशियन म्हणत्यात याला," ते पडवीत उभे राहून म्हणाले. "आख्ख्या मावळात गावाकडं कुणाकडं न्हाई."

पिल्लू पांढरंशुभ्र होतं आणि अंगावर काळी शाई शिंपडल्यासारखे ठिपके. आबांनी त्याला मानेला धरून उचललं, पाय बघितले, दात बघितले आणि म्हणाले, "ह्ये चिखलात कसं दिसायचं?" मी त्याचं नाव ठिपक्या ठेवलं. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या मुली खरंच आल्या. आईनं त्यांना गूळ-शेंगदाणे दिले, आणि मी त्या दिवशी जितकी मोठी होते तितकी परत कधी झाले नाही.

ठिपक्या वाढला तो पायांनी वाढला. त्याला पळायला लागायचं. सकाळी खाचराच्या बांधावरून पळत सुटला की इंद्रायणी नदीपर्यंत जाऊन यायचा, आणि आल्यावर अर्धी भाकरी, ताक घालून. कोंबड्यांच्या मागं तो दोनदा लागला. आईनं लाटणं उगारून त्याच्याकडे नुसतं बघितलं, तिसऱ्यांदा लागला नाही. माणसाच्या तोंडाकडे तो फार बघायचा. आपण बोलत असलो की मान वाकडी करून ओठांकडे बघत बसायचा, इतका की आबा म्हणायचे, "ह्याला आपलं बोलणं समजतंय बरं का." एकच गोष्ट होती. हाक मारली की तो यायचा नाही. कितीही ओरडा, तो आपल्या तंद्रीत. दादा म्हणायचे, "बंगल्याचं हाय. नाव घेतल्याबरोबर पळत याया ते काय गावठी हाय का?" आणि त्याचंही आम्हाला कौतुकच वाटायचं.

खरं कौतुक झालं ते सुरुंगाच्या वेळी. भोंगा झाला, दणका बसला, गावातली कुत्री खाचरांतून पळाली, आणि आमचा ठिपक्या पडवीत पाय ताणून झोपलेला. डोळासुद्धा उघडला नाही. जमीन हलली तेव्हा एकदा कूस बदलली, एवढंच. शेजारच्यांनी बघितलं, त्यांनी दुसऱ्यांना सांगितलं. पुढं पुढं सुरुंगाच्या वेळेला माणसं मुद्दाम आमच्या अंगणात येऊन उभी राहायला लागली. चहाच्या टपरीवर दादांना लोक विचारायचे, "काय नामदेवभाऊ, तुमचं कुत्रं आज बी न्हाई हाललं म्हनं?" दादा कमी बोलणारे गृहस्थ, पण त्या दिवसांत ते टपरीवर जास्त वेळ बसायला लागले. आबांचासुद्धा विरोध मावळला. "काळीज हाय बाबा त्याला," ते म्हणाले. "जातीत असतं ते."

मग तो रविवार आला. पावसाळा संपून आठ-पंधरा दिवस झाले होते, डोंगर अजून हिरवे होते, आणि गर्दी इतकी की पडवी भरून लोक अंगणात चटयांवर बसले होते. पुण्याहून एक कुटुंब आलं होतं, त्यांची चार-एक वर्षांची मुलगी सारखी ठिपक्याभोवती. मी दोनदा तिला उचलून तिच्या आईजवळ नेऊन ठेवलं. नंतर मला आतून तांब्या आणायला सांगितलं आणि मी आत गेले. ठिपक्या जेवून गोठ्याच्या सावलीत झोपला होता. ती मुलगी मागून आली आणि लाडानं त्याच्या अंगावर पडली. तो दचकून उठला आणि वळताना तिच्या हाताला दात लागले.

तिची किंकाळी मी आतून ऐकली. बाहेर आले तेव्हा ठिपक्या भिंतीला चिकटून थरथरत उभा होता आणि त्या पोरीच्या कोपराखाली रक्त येत होतं. तिचे वडील ओरडत होते, "मोकळं कसं सोडता हे जनावर? लोक जेवायला येतात ना इथं?" सगळी माणसं हातातला घास हातात धरून उभी. आईनं त्या मुलीला कडेवर घेतलं, टाकीच्या नळाखाली तिचा हात धरला आणि साबण लावून धुत राहिली, किती वेळ, मला वाटलं ती थांबणारच नाही. ती पोर रडत होती आणि आई हळू आवाजात तिला काहीतरी सांगत होती. मग आई त्यांच्याच गाडीत बसून त्यांच्याबरोबर कार्ल्याच्या दवाखान्यात गेली. गाडीच्या मागच्या काचेतून मला आईचे हात दिसत होते, बोटं धुतलेली आणि कोपरांशी अजून पीठ वाळलेलं.

त्या दुपारी कुणी जेवलं नाही. आलेले लोक अर्धी ताटं ठेवून निघून गेले. लेण्यांपाशी वाट दाखवायला उभे राहणारे गावातलेच लोक होते, तेच आमच्याकडे पाहुणे पाठवायचे. संध्याकाळपर्यंत त्यांच्यात बातमी गेली की नामदेवच्या घरचं कुत्रं माणसं फाडतंय. दादांनी ठिपक्याला खांबाला बांधलं, काठी उचलली, आणि तो त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला तेव्हा टाकून दिली.

"उद्या कामावर जाताना घेऊन जातो," ते आबांना म्हणाले. "घाटात सोडून येतो."

घाटात सोडणं म्हणजे काय ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. बंगल्यांवरची नकोशी कुत्री खंडाळ्याच्या घाटात सोडली जायची आणि दोन-चार दिवस प्रत्येक गाडीमागं पळायची. त्यापुढं कुणी बोलायचं नाही. मी ठिपक्याच्या मागं, गोठ्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. त्याची पाठ माझ्याकडे होती. थकून तो झोपला होता.

आई पाचच्या सुमाराला परतली. त्या मुलीला इंजेक्शन दिलं होतं, जखम खोल नव्हती, टाका पडला नव्हता. एवढं सांगून ती सकाळची भांडी घासायला बसली. तिचं लक्ष नव्हतं. भाताचं मोठं पितळी पातेलं तिच्या हातातून निसटलं आणि दगडावर आपटत, घरंगळत अंगणभर गेलं. कोंबड्या उडाल्या. शेळ्या एकदम उठल्या. आबा आतून ओरडले, "काय गं पडलं?" आणि माझ्या पुढ्यात, हातभर अंतरावर, ठिपक्या तसाच झोपलेला. त्याचा कानसुद्धा हलला नव्हता.

मी उठले, पातेल्यावरचं झाकण आणि पळी घेतली आणि त्याच्या मागं उभी राहून जोरात वाजवली. एकदा, दोनदा, पुन्हा. आई म्हणाली, "मंगल, खुळी झालीस का?" मी थांबले नाही. ठिपक्या हलला नाही. मग मी जमिनीवर पाय आपटला, आणि त्यानं डोळे उघडून मागं बघितलं.

"आई," मी म्हटलं, "त्याला ऐकू येत न्हाई."

दादांना खरं वाटेना. ते त्याच्या मागं जाऊन उभे राहिले आणि हाक मारली, "ठिपक्या!" मग पुन्हा मारली, जरा हळू. मग आणखी हळू, जणू त्यानं ऐकू नये असंच त्यांना वाटत होतं. आबा काठी टेकत बाहेर आले, त्यांनी सगळं बघितलं आणि पायरीवर बसले. "म्हंजी धीट न्हवता त्यो," ते म्हणाले. "दणका झाला हेच त्याला ठाव नव्हतं." इतके दिवस टपरीवर जे काही बोलणं झालं होतं ते सगळं दादांच्या तोंडावर मला दिसत होतं. आईनं हात पदराला पुसले आणि विचारलं, "बाईसाहेबांना ठाव आसंल का?"

घाटाचा विषय त्या दिवशी तिथंच राहिला. पण आईचा प्रश्न राहिला नाही. मंगळवारी तिनं ठेवणीतली साडी नेसली आणि मला म्हणाली, "आज शाळा न्हाई. दोरी घे त्याची." दादा कामावर जायला निघाले होते. ते दारात थांबले. "तितं जाऊन तोंड उघडू नको," ते म्हणाले. "काम जाईल माझं."

"भांडाया न्हाई चालले," आई म्हणाली. "इचाराया चालले."

आम्ही कार्ला फाट्यावरून वडापच्या जीपनं लोणावळ्याला गेलो. ठिपक्या माझ्या पायांत बसला होता आणि समोरच्या प्रत्येक माणसाच्या तोंडाकडे बघत होता. बंगल्याच्या फाटकातून मी पहिल्यांदाच आत गेले. फुलझाडांच्या ओळी इतक्या नेटक्या होत्या की मला कळलं, हे सगळं दादांचं. ते लांब गुलाबाच्या वाफ्यात पाठमोरे बसले होते आणि आमच्याकडे वळून बघत नव्हते. बाईसाहेब व्हरांड्यात आल्या, पांढऱ्या केसांच्या, उंच, शांत. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या. आई बसली नाही.

"बाईसाहेब, ह्याला ऐकू येत न्हाई," ती म्हणाली. "तुमाला ठाव होतं का?"

बराच वेळ त्या ठिपक्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "होतं. या जातीत काही पिल्लं अशी निघतात. डॉक्टर म्हणाले, याला कुणी घेणार नाही, इंजेक्शन देऊन टाकू. माझ्याच्यानं ते झालं नाही. मला वाटलं, तुमच्याकडे शेत आहे, अंगण आहे..."

"मग सांगायचं हुतं," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "ऐकू येत न्हाई, येवढंच सांगायचं. आमी न्हाई म्हटलं नसतं. पन त्या लेकराला मी त्याच्या मागं जाऊ दिलं नसतं. आवं, माझ्या दारात रोजची नवी मानसं. ह्याला मागून कोन आलं ते कळायचं कसं? त्या पोरीचा हात फाटला, आन् ह्यो बिचारा घाटात जात हुता. त्याचा काय गुन्हा हुता?"

बाईसाहेबांनी नुसतं म्हटलं, "चुकलं माझं." इतक्या मोठ्या माणसानं माझ्या आईला असं म्हटलेलं मी ऐकलं आणि मला कुठं बघावं ते कळेना. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या की ठिपक्याला इथंच ठेवा, आणि त्याच्या बदल्यात आल्सेशियनचं पिल्लू न्या, मागं चार आहेत, हवं ते निवडा. मागच्या जाळीतून ती पिल्लं दिसत होती. कान अजून उभे राहिले नव्हते, पाय एवढे जाड. मी आईकडे बघितलं.

आई जाळीपाशी जाऊन नीट बघून आली. "ह्यांना काय लागतं खायला?" तिनं विचारलं. बाईसाहेबांनी सांगितलं, मांस, अंडी, दिवसातून दोनदा. "आन् परक्या मानसाला?" बाईसाहेब म्हणाल्या, परका माणूस यांना खपत नाही, राखणीचीच जात. आई म्हणाली, "मग ह्ये आमच्या घरचं न्हाई." आणि तिनं ठिपक्याची दोरी माझ्या हातातून स्वतःच्या हातात घेतली. "ह्याला बी इतं न्हाई ठेवत. हितं सात कुत्री हायेत, ह्याच्याकडं बघाया कुनाला येळ हाय? ह्याच्यासाठी घर मी बघते." बाहेर पडताना दादा फाटकापर्यंत आले. फाटक त्यांनीच उघडलं. काम त्यांचं गेलं नाही. पुढं कितीतरी वर्षं बाईसाहेब पिल्लू देताना घेणाऱ्याला त्याचा एकेक दोष समोर बसवून सांगायच्या, असं दादा सांगायचे.

कुत्र्यासाठी घर शोधणं हे आमच्याकडे कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्या शनिवारी-रविवारी मिळून आमच्याकडे फक्त एक माणूस जेवायला आला, तो म्हणजे गार्डसाहेब. बेगडेवाडीला राहणारे, रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ. आयुष्यभर मालगाड्यांवर गार्ड होते म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणायचे. महिन्यातून दोनदा ते लोकलनं माळवलीला उतरायचे, चालत लेण्यांपर्यंत जायचे, परत येताना आमच्याकडे पिठलं-भाकरी खायचे. बोलायचे फार थोडं. त्या दिवशी रिकामी पडवी बघून त्यांनी विचारलं तेव्हा आईनं सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण बघत होते माझ्याकडे. गेल्या चार-पाच दिवसांत मी ठिपक्याशी हातानं बोलायला शिकले होते: हात वर केला की बस, मांडीवर थाप मारल्यासारखं केलं की ये.

"हे तू शिकवलंस?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"माझा ड्रायव्हर माझ्यापासून अर्धा किलोमीटर पुढं असायचा," ते म्हणाले. "त्याला काय माझं बोलणं ऐकू यायचं? हातच दाखवायचा. त्याचंही कधी अडलं नाही, माझंही नाही." हात धुऊन ते अंगणात जाऊन उभे राहिले आणि एक हात खांद्याच्या रेषेत आडवा धरला. ठिपक्या जागच्या जागी थांबून त्यांच्याकडे बघत राहिला. मग ते आईला म्हणाले, "मला द्याल का?"

आई लगेच हो म्हणाली नाही. तिनं त्यांना पडवीत बसवलं आणि स्थळ बघायला आल्यासारखी चौकशी केली. घरात कोण कोण? ते आणि त्यांची बायको. लहान पोरं? नाहीत, मुलगा नागपूरला, नातवंडं मोठी. येणारं-जाणारं? दूधवाला, तोही फाटकातूनच. कुंपण? विटांचं, छातीएवढं. दिवसभर घरी कोण? दोघंही. किती चालता? सकाळी पाच-सहा किलोमीटर, संध्याकाळी पुन्हा तेवढंच. बायकोला कुत्रं चालतं का? इथं ते जरा अडले. म्हणाले, विचारून सांगतो. आई म्हणाली, "इचारा. त्यांनी व्हय म्हटलं तरच." आणि शेवटी तिनं सांगितलं, "ह्याला ऐकू येत न्हाई. झोपल्याला असला तर हात लावायचा न्हाई, लांबून जमिनीवर पाय ठोकायचा. लहान पोर घरात आलं की बांधायचा. ह्यो चावल्याला हाय, ह्ये बी लक्षात ठेवा." गार्डसाहेब म्हणाले, "ठेवतो."

मी आतल्या खोलीत जाऊन रडले. मला वाटलं होतं, दोष कळला म्हणजे ठिपक्या आता आमचाच राहील. आई मागून आली. "मला काय तो नको झालाय व्हय?" ती म्हणाली. "पन आपलं घर मानसांवर चालतं, मंगल. त्याला रोज भ्यावं लागंल हितं. दर रविवारी कोन ना कोन मागून येनार." तेव्हा मला तिचा राग आला होता. आज रोज कुणा ना कुणाला मी हेच समजावत असते आणि समोरच्या माणसाच्या तोंडावर तोच राग बघते.

चार दिवसांनी गार्डसाहेबांचा निरोप आला, बायको हो म्हणाली. तळेगावला जाणाऱ्या दुधाच्या टेम्पोत ते आणि ठिपक्या बसून गेले. त्यानंतर आबा एका सकाळी कुणाला न सांगता वस्तीवर गेले आणि धनगराकडून एक पिवळट रंगाची कुत्री घेऊन आले. दिसायला काही नाही, कान एक उभा, एक पडलेला. पण ती पाहुण्यांचे जोडे हुंगायची, सामान बघायची, आणि शेपटी हलवून बाजूला व्हायची. शेळ्यांपाशी पान हललं तरी गाव उठवायची. सुरुंगाला ती सगळ्यांच्या पुढं पळायची. आईचे सगळे नियम तिनं न शिकवता पाळले. हळूहळू पडवी पुन्हा भरायला लागली. त्या पुण्याच्या मुलीचा हात बरा झाल्याचं तिच्या आईनं पोस्टकार्डानं कळवलं, ते कार्ड आईनं बरेच दिवस मांडणीवर उभं करून ठेवलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत दादा मला म्हणाले, "चल, बघून येऊ त्याला." मी कधी विचारलं नव्हतं, त्यांनीच काढलं. आम्ही लोकलनं बेगडेवाडीला उतरलो. स्टेशनापासून थोडं आत, आंब्याच्या झाडामागं बैठं घर. गार्डसाहेबांच्या पत्नी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या, आणि त्यांच्या पायाशी, आमच्याकडे पाठ करून, ठिपक्या झोपला होता. हाक माझ्या ओठांवर आली होती. गार्डसाहेब फाटकापाशी आले आणि म्हणाले, "पाय ठोक." मी ठोकला. तो उठला, वळला आणि त्यानं मला बघितलं. त्याची शेपटी कमरेपासून हलायला लागली. दोन उड्या मारून तो पुढं आला आणि मधेच थांबला. त्यानं मान वळवून गार्डसाहेबांकडे बघितलं. त्यांनी हात पुढं केला, तेव्हा तो सुटला आणि माझ्या अंगावर आला, इतक्या जोरात की मी फाटकावर आपटले. त्याच्या अंगाला साबणाचा वास येत होता. मी रडत होते आणि हसत होते, पण मधल्या त्या थांबण्यात मला जे कळायचं ते कळलं होतं. दादांनीही ते बघितलं होतं. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

चहा-चिवडा झाला, निघालो. परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. आम्ही समोरासमोर खिडकीला बसलो. तळेगाव गेलं, वडगाव गेलं, शेतांत भाताची कापणी चालली होती. दादा बाहेर बघत होते.

"मी घाटात सोडनार हुतो त्याला," ते एकदम म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते पुन्हा बाहेर बघायला लागले. कामशेत आलं, माणसं चढली, गाडी हलली.

मग त्यांनी विचारलं, "जरा जाडा झालाय, न्हाई?"

"व्हय," मी म्हटलं. "लय जाडा झालाय."